घराचा भाव आणि तासाचा भाव

दिवाळीला भाचा आणि भाचेसून घरी आले होते. लग्नाला वर्ष होत आलेलं. तो बीकेसीत, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलात नोकरीला, ती ऐरोलीत. फराळाच्या बशा अजून पुढ्यात होत्या तेवढ्यात त्याने विचारलं, "मावशी, घर कुठे घेऊ? मुंबईत वन आरके घेऊ, का तुझ्यासारखं इकडे डोंबिवलीला टू बीएचके?"

मी डोंबिवलीहून फोर्टातल्या बँकेत छत्तीस वर्षं गेले-आले. त्यामुळे मावशीकडे उत्तर तयार असणार असं त्याला वाटलं. तयार उत्तर नव्हतं. पण हे गणित मांडायचं कसं, ते मला ठाऊक आहे. घराच्या जाहिरातीत चौरस फुटाचा भाव असतो. त्या घरातून कामावर जायला रोज किती तास द्यावे लागतील आणि त्या तासाचा भाव काय, ते जाहिरातीत नसतं. ते आपलं आपल्याला काढावं लागतं.

मुंबई नेमकी कुठपर्यंत

बोलताना आपण सगळ्यालाच मुंबई म्हणतो, पण घर बघायला निघालं की तीन मुंबई समोर येतात. पहिली जुन्या बेटांची, कुलाब्यापासून पश्चिमेला माहीम आणि पूर्वेला शीवपर्यंत. हिची हद्द ओळखायची सोपी खूण म्हणजे रिक्षा. वांद्रे आणि शीव इथे रिक्षा थांबते, त्याच्या दक्षिणेला काळीपिवळी टॅक्सी. दुसरी मुंबई उपनगरांची, वांद्र्यापासून दहिसरपर्यंत आणि कुर्ल्यापासून मुलुंड-मानखुर्दपर्यंत. हा भाग १९५० आणि १९५७ अशा दोन टप्प्यांत मुंबई महापालिकेत आला. १ ऑक्टोबर १९९० पासून त्याचा जिल्हा वेगळा आहे, महापालिका मात्र एकच. तिसरी मुंबई त्यापलीकडची: ठाणे, कल्याण-डोंबिवली, नवी मुंबई, मीरा-भाईंदर, वसई-विरार, पनवेल, उल्हासनगर, भिवंडी. मुंबई धरून या सगळ्या मिळून नऊ महापालिका होतात, आणि अंबरनाथ-बदलापूरसारख्या नगरपालिका आणखी वेगळ्या.

या हद्दी रोजच्या जगण्यात उतरतात. मुंबई महापालिकेच्या हद्दीत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घराला २०२२ पासून मालमत्ता कर माफ आहे. मुलुंडला घर घेतलं तर ही सवलत मिळते, चेकनाका ओलांडून ठाण्यात गेलं की पालिका बदलते आणि तिचे नियम लागू होतात. वीज बेटांच्या मुंबईत बेस्टची, उपनगरांत बहुतेक ठिकाणी अदानीची किंवा टाटाची, आणि भांडुप-मुलुंडपासून पुढे महावितरणची. पाण्याचं तर फार जिवाला लागतं. मुंबईला पाणी पुरवणाऱ्या सात तलावांपैकी विहार आणि तुळशी हे दोन छोटेच मुंबईत आहेत. भातसा, तानसा, वैतरणा ही मोठी धरणं ठाणे, पालघर, नाशिक या जिल्ह्यांकडची. भातसाचं पाणी शहापूर तालुक्यातून मोठमोठ्या जलवाहिन्यांनी मुंबईला जातं, आणि त्याच शहापूरच्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. म्हणून घर बघताना स्वयंपाकघराचा ओटा बघण्याआधी नळाला पाणी किती वाजता आणि किती वेळ येतं, हे तिथल्या बायकांना विचारावं. बिल्डरच्या ऑफिसात विचारून उपयोग नाही.

शहर रिकामं होत गेलं

२००१ च्या जनगणनेत मुंबई शहर जिल्ह्यात ३३ लाख ३८ हजार माणसं होती, २०११ ला ३० लाख ८५ हजार. दहा वर्षांत अडीच लाख माणसं कमी झाली. त्याच दहा वर्षांत उपनगर जिल्हा ८६ लाखांवरून ९३ लाखांवर गेला, आणि तेव्हाचा अखंड ठाणे जिल्हा १ कोटी १० लाखांवर जाऊन देशातला सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा ठरला. टॉवर शहरात उभे राहात होते आणि माणसं शहरातून जात होती. हे कसं, ते समजून घेतलं की आजच्या भावांचा नकाशाही कळतो.

माझं माहेर गिरगावातल्या चाळीत. दीड खोली, आम्ही सात जण. भाडं इतकं कमी होतं की वडील मालकाला वर्षाचं एकदम देऊन टाकत. याचं मूळ १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्यात. त्याने जुन्या जागांची भाडी १९४० च्या पातळीला बांधून ठेवली. युद्धाच्या आणि फाळणीच्या धामधुमीत भाडेकरू रस्त्यावर येऊ नयेत हा हेतू चांगलाच होता, आणि आमच्यासारखी हजारो कुटुंबं त्याच्यामुळेच गिरगावात टिकली. पण भाडी पुढे पन्नास वर्षं तशीच राहिली. एवढ्या भाड्यात मालक डागडुजी कशाला करेल? भाडेकरूही जागा सोडेना, कारण तेवढ्या पैशांत दुसरीकडे काही मिळणं अशक्य. यातूनच पागडी पक्की झाली: भाडेकरूने आपला हक्क विकायचा आणि त्यातला वाटा मालकाला द्यायचा. इमारती पडू लागल्या, तेव्हा सरकारने त्यांच्यावर उपकर बसवून दुरुस्ती मंडळ नेमलं. सेस बिल्डिंग म्हणतात त्या याच, १९६९ च्या आधी बांधलेल्या. आज शहरात जे पुनर्विकासाचे टॉवर दिसतात, ते बरेचसे या सेस बिल्डिंगांच्या जागेवर. जुन्या भाडेकरूंना त्यात घर मिळतं, उरलेली घरं बिल्डर बाजारभावाने विकतो. तो बाजारभाव परळच्या कारकुनाच्या मुलाला परवडत नाही. मेंटेनन्स तर जुन्या भाडेकरूलाही परवडेनासा होतो.

दुसरा धक्का गिरण्यांचा. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. संप मोडला, गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, आणि लालबाग, परळ, वरळीतली ती जमीन मॉल, ऑफिसं आणि उंच टॉवर यांच्याकडे गेली. कामाच्या जागेपासून चालत जाण्याइतक्या अंतरावर घर, ही मुंबईतल्या कष्टकऱ्यांची सगळ्यात मोठी सोय होती. ती गेली, याचं दुःख मला आजही वाटतं.

तिसरं कारण जरा तांत्रिक, पण समजायला अवघड नाही. एफएसआय म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधकाम करता येईल ते. एक हजार चौरस मीटरचा प्लॉट आणि एफएसआय एक, तर सगळे मजले मिळून एक हजार चौरस मीटर. १९९१ च्या नियमांत शहरात मूळ एफएसआय १.३३ होता, उपनगरांत १. त्याच नियमांनी टीडीआर आणला. कोणी रस्त्यासाठी, मैदानासाठी जमीन दिली किंवा झोपडपट्टी पुनर्वसनाची घरं बांधली, तर त्याच्या मोबदल्यात दुसरीकडे जादा बांधकामाचा हक्क. हा हक्क बेटांच्या शहरात वापरायला बंदी होती. तो उत्तरेकडे, उपनगरांतच खर्च करायचा. त्यामुळे अंधेरी, बोरिवली, मुलुंडमधल्या चार मजली इमारतींच्या जागी सात-आठ मजली आल्या, गल्ल्या मात्र पूर्वीच्याच राहिल्या. बोरिवलीत आज रिक्षा हलत नाही, त्यात या नियमाचाही मोठा हात आहे.

गाडी कुठून सुटते

मुंबईची उपनगरं रुळांच्या कडेने वाढली. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली. पुढच्याच वर्षी रूळ कल्याणला पोचले. डोंबिवली, अंबरनाथ, वसई, विरार इथे माणूस राहायला गेला तो स्टेशन होतं म्हणून. त्यामुळे मुंबईत अंतर किलोमीटरमध्ये धरू नये. कुठली लाइन, कुठलं स्टेशन, किती वेळा गाडी बदलायची आणि गाडी कुठून सुटते, या चार गोष्टींवर दिवस कसा जाणार ते ठरतं.

गाडी कुठून सुटते याला फार महत्त्व आहे. डोंबिवली सीएसएमटीपासून ४८ किलोमीटर, बदलापूर ६८. बदलापूर लांब, पण बदलापूर लोकल तिथूनच सुटते. दहा मिनिटं आधी गेलात तर बसायला मिळतं. ती डोंबिवलीला येईपर्यंत दरवाज्यापर्यंत भरलेली असते. म्हणून आम्ही डोंबिवलीकर डोंबिवलीहून सुटणाऱ्या गाडीवर घड्याळ लावायचो. पश्चिमेला विरार फास्टमध्ये बोरिवलीला चढणं-उतरणं किती कठीण, हे बोरिवलीकरांना विचारा. बसून केलेला दीड तास आणि एका पायावर उभं राहून केलेला पाऊण तास यांत मी दीड तास घेईन. वयाच्या पंचेचाळिशीनंतर तर नक्कीच.

"गाड्या वाढवत का नाहीत?" हा प्रश्न भाचेसुनेने विचारला. प्रत्येक नवा प्रवासी विचारतो, आणि तो बरोबरच आहे. उत्तर रुळांमध्ये आहे. गर्दीच्या वेळी एकामागून एक गाडी तीन-चार मिनिटांच्या अंतराने धावते. आत्ताच्या सिग्नलव्यवस्थेत हे अंतर फार कमी करता येत नाही. याच रुळांवरून मेल-एक्स्प्रेस आणि मालगाड्याही जातात. ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका २००८ च्या सुमारास मंजूर झाली आणि २०२२ च्या फेब्रुवारीत सुरू झाली. त्यामुळे कुर्ल्यापासून कल्याणपर्यंत सहा मार्गिका झाल्या, पण कुर्ल्याच्या पुढे सीएसएमटीकडे मेन लाइनच्या चारच आहेत. आणि कल्याणच्या पलीकडे बदलापूर-कर्जतकडे जुन्या दोनच रुळांवर सगळा भार, तिसऱ्या-चौथ्या मार्गिकेचं काम अजून चालू आहे. घरं मात्र तिथेच सगळ्यात वेगाने वाढली. पंधरा डब्यांच्या गाड्या हा एक उपाय, पण त्याला प्लॅटफॉर्म लांब लागतात.

या गर्दीला रेल्वेच्या कागदांत स्वतःचं नाव आहे, सुपर डेन्स क्रश लोड. एका चौरस मीटरवर १४ ते १६ माणसं उभी. एक चौरस मीटर म्हणजे आपल्या बाथरूमची फरशी. ९ जून २०२५ ला सकाळी मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन लोकल एकमेकींजवळून जाताना दरवाज्यात लटकलेले प्रवासी खाली पडले, त्यात जीव गेले. ती माणसं हौसेने लटकत नव्हती. आत जागा नव्हती आणि मस्टर गाठायचं होतं. स्वस्त घराच्या हिशेबात ही जोखीमही धरावी लागते, आणि हे लिहिताना मला त्रास होतो.

लोकलची बाजूही सांगायला हवी. महिन्याचा सेकंड क्लासचा पास काही शे रुपयांत मिळतो. एवढ्या पैशांत रोज शंभर किलोमीटर नेऊन आणणारी दुसरी कुठली सोय आहे? या पासामुळेच डोंबिवली-विरारची घरं पगारदार माणसाच्या आवाक्यात आली. पण स्टेशनपर्यंत जाणं आणि स्टेशनवरून पुढे जाणं पासात येत नाही. शेअर रिक्षाचे दोन्ही बाजूंचे पैसे महिन्याला मोजले तर ते पासाच्या कितीतरी पट भरतात. "स्टेशनपासून दहा मिनिटांवर" असं जाहिरातीत लिहिलेलं असेल तर ती दहा मिनिटं कशाची, पायी की दुचाकीवर रात्री अकराला, हे स्वतः चालून बघा.

कामं कुठे गेली

माझ्या वेळी "मुंबईला जाते" म्हणजे फोर्ट, चर्चगेट, फार तर दादर. सकाळी सगळे दक्षिणेला, संध्याकाळी सगळे उत्तरेला. आजच्या मुलांचं तसं नाही. ऑफिसं बीकेसीत आली, लोअर परळच्या गिरण्यांच्या जागेत आली, अंधेरीत सीप्झ, म्हणजे निर्यातीच्या कारखान्यांचं खास क्षेत्र, १९७३ पासूनच होतं, पवई आली, आणि खाडीपलीकडे ऐरोली, महापे इथे आयटी पार्क झाले. रेल्वेचे रूळ मात्र उत्तर-दक्षिणच आहेत. पूर्व-पश्चिम जायचं तर बदलाबदली. बीकेसी हे देशातल्या महागड्या ऑफिसांचं ठिकाण, पण तिथे स्वतःचं स्टेशन ऑक्टोबर २०२४ मध्ये आलं, मेट्रो ३ सुरू झाली तेव्हा. ऑक्टोबर २०२५ पासून ही मेट्रो आरेपासून कफ परेडपर्यंत पूर्ण धावते, ३३.५ किलोमीटर. गिरगावातून बीकेसीला जाणाऱ्याचं आयुष्य तिने खरंच बदललं. डोंबिवलीहून बीकेसीला जाणाऱ्याला मात्र कुर्ल्याला उतरून पुलावरची गर्दी, मग शेअर रिक्षाची किंवा बसची रांग, हे चुकलेलं नाही.

नवी मुंबईच्या कल्पनेमागे हाच विचार होता. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६० च्या दशकात मांडलं की मुंबई उत्तरेला ताणत राहिली तर गाड्या पुरणार नाहीत. खाडीपलीकडे दुसरं शहर करा, कामंही तिकडे न्या. ते शहर वसवायला १९७० मध्ये सिडको ही सरकारी कंपनी स्थापन झाली. पण वाशीचा खाडीपूल १९७३ ला झाला आणि लोकल वाशीला पोचली १९९२ मध्ये. घरं आधी आणि गाडी वीस वर्षांनी. आज तिथे रुंद रस्ते, प्रत्येक नोडमध्ये, म्हणजे आखलेल्या वसाहतीत, बाजार-शाळा आणि रुळांवर त्यामानाने कमी गर्दी आहे, याचं श्रेय त्या आखणीला द्यायलाच हवं. ठाण्याहून ऐरोलीकडे जाणारी ट्रान्स-हार्बर लाइन २००४ पासून आहे. कल्याणकडच्या गाड्यांना ठाण्याला न जाता कळव्याहून थेट ऐरोलीला नेणारा उन्नत मार्ग मंजूर आहे. त्यासाठी बांधलेलं दिघा गाव स्टेशन जानेवारी २०२४ मध्ये उघडलं, उन्नत मार्ग अजून व्हायचा आहे.

यावरून एक गोष्ट मी भाच्याला ठासून सांगितली. नकाशावरच्या तुटक रेषेचे पैसे मोजू नकोस. "मेट्रो येतेय" म्हणून भाव वाढवून सांगतात. वर्सोवा-घाटकोपर मेट्रोचं भूमिपूजन २००६ चं, गाडी धावली ८ जून २०१४ ला, आणि मार्ग सव्वाअकरा-साडेअकरा किलोमीटरचा. मेट्रो येईल, नक्की येईल, पण तोपर्यंतची आठ वर्षं तुला रिक्षाच्या रांगेत काढायची आहेत.

तासाचा भाव काढायचा कसा

आता हिशेब. समजा, एक घर कामाजवळ आहे आणि तसंच घर लांब आहे, आणि दोन्हींच्या किमतीत ४० लाखांचा फरक आहे. साडेआठ टक्के व्याजाने वीस वर्षांसाठी कर्ज घेतलं तर प्रत्येक लाखामागे महिन्याला साधारण ८६८ रुपये हप्ता पडतो. म्हणजे ४० लाखांचा जादा हप्ता सुमारे ३४,७०० रुपये. जवळच्या घरामुळे एका माणसाचा जाता-येता एकेक तास वाचतो असं धरू. दिवसाला दोन, महिन्याच्या पंचवीस दिवसांत पन्नास तास. ३४,७०० भागिले ५० म्हणजे तासाला जवळपास ६९५ रुपये. दोघंही कमावते असतील आणि दोघांचाही तेवढाच वेळ वाचत असेल तर शंभर तास, म्हणजे तासाला ३४७ रुपये. आता हा आकडा आपल्या पगाराशी ताडून बघायचा. महिन्याला ५०,००० मिळत असतील आणि दोनशे तास काम असेल, तर आपला तास अडीचशेचा. मग जवळचं घर महाग पडतंय. दोघांचा पगार प्रत्येकी लाखभर असेल, तर तास पाचशेचा, आणि ३४७ च्या हिशेबाने तेच घर परवडतं.

हा हिशेब ढोबळ आहे. जादा भरलेले पैसे घराच्या किमतीत राहतात, दिलेला तास कुठेच राहात नाही. व्याजदर खालीवर होतो. पण आकडा समोर आला की भांडण कमी होतं आणि बोलणं सुरू होतं.

आणखी एक रकाना यात हवा, तो बहुतेक जण टाकत नाहीत. तास कोण देतं? मी माझे तास मोजले आहेत. रोज जाता-येता मिळून तीन, वर्षाचे २८० दिवस, म्हणजे ८४० तास. चोवीस तासांचा दिवस धरला तर वर्षातले ३५ अख्खे दिवस. छत्तीस वर्षांचे मिळून जवळजवळ साडेतीन वर्षं मी गाडीत आणि प्लॅटफॉर्मवर होते. ते तास कुठून आले? झोपेतून. पहाटे साडेचारला उठून डबे भरून ६.४० ची गाडी, आणि संध्याकाळी घरी आल्यावर परत ओटा. आमच्या घरी मुलांना वेगळी खोली मिळाली, खिडकीतून झाड दिसायचं, आणि त्याचा मला आनंदच आहे. लेडीज डब्यात ज्या मैत्रिणी मिळाल्या त्या आजही सुखदुःखाला धावून येतात. पण मोठ्या घराची किंमत घरातल्या सगळ्यांनी सारखी भरली नाही. म्हणून मी भाच्याला म्हटलं, दोघांचे तास दोन वेगळ्या रकान्यांत लिही. आणि त्यात स्वयंपाक, धुणं, पुढे मूल झालं तर पाळणाघर, हे कोण बघणार तेही लिही. भाचेसून तेव्हा काही बोलली नाही, पण तिने माझ्या ताटात आणखी एक करंजी वाढली.

कागद आणि पाऊस

आमची पहिली जागा ६०० चौरस फूट म्हणून घेतली होती. टेप लावून मोजली तेव्हा भिंतीच्या आतली जागा ४३० भरली. उरलेलं जिना, लॉबी आणि बिल्डरच्या तोंडचं. भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत राहायला योग्य असल्याचा पालिकेचा दाखला, ज्याला सगळे ओसी म्हणतात, ते त्याने दिलंच नाही, आणि चार वर्षं आम्ही टँकरचं पाणी भरलं. आता रेरा या स्थावर मालमत्ता कायद्यामुळे विक्री कार्पेट क्षेत्रावरच, म्हणजे भिंतींच्या आतल्या जागेवरच, करावी लागते, आणि नोंदणीकृत करार केल्याशिवाय दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. राज्यात त्याची अंमलबजावणी बघणारं प्राधिकरण, महारेरा, १ मे २०१७ पासून आहे. तरीही नुसत्या महारेराच्या नोंदणी नंबरावर विसंबू नका. डोंबिवलीतल्या ६५ इमारतींनी पालिकेच्या परवानगीचे खोटे कागद जोडून तो नंबर मिळवला होता, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडायचा आदेश दिला. त्यांत राहणाऱ्यांनी कर्ज काढून, मुद्रांक शुल्क भरून घरं घेतली होती. त्यामुळे महापालिकेच्या नगररचना विभागात जाऊन बांधकाम परवानगी खरी आहे का, ते स्वतः विचारायचं. एक दिवस रजा टाकावी लागली तरी चालेल. घर बायकोच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, तीही लक्षात ठेवावी.

आणि घर जुलैत बघावं. २६ जुलै २००५ ला मी बँकेत होते. फोर्टात पाऊस होता, पण आकाश फाटल्यासारखा नव्हता. गाड्या का बंद झाल्या ते आम्हाला कळेना. त्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला आणि कुलाब्याला ७५ सुद्धा नाही. रात्र बँकेतच काढली, घरी फोन लागत नव्हता. एकाच शहराचे दोन पाऊस असतात, हे तेव्हा कळलं. २०१९ च्या जुलैत उल्हास नदीला पूर आला आणि वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस हजारावर प्रवाशांसह पाण्यात अडकली. त्या पट्ट्यात नदीकाठी नवे प्रकल्प भराभर उभे राहतात. मार्चमध्ये बघितलेल्या प्लॉटवर जुलैत पाणी किती चढतं, हे शेजारच्या किराणावाल्याला माहीत असतं.

त्यांनी काय केलं

विकत घ्यायची घाई करू नका, आधी भाड्याने राहून बघा, असं मी सुचवलं. मुंबईत घराचं वर्षाचं भाडं किमतीच्या तीन टक्क्यांच्या आसपास असतं. समजा, एक कोटीचं घर पंचवीस हजारांत भाड्याने मिळालं. त्याच घरासाठी ८० लाखांचं कर्ज काढलं तर हप्ता ६९ हजारांच्या वर जातो. भाडं म्हणजे वाया गेलेले पैसे असं आपल्याकडे म्हणतात, पण नोकरीची जागाच पक्की नसेल तर भाडं हे मोकळं राहण्याचं मोल आहे. लीव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवून घ्यायचा, अकरा महिन्यांचा असला तरी. ती मालकाची कायद्याने जबाबदारी आहे.

दोघांनी चार ठिकाणांहून सोमवारी सकाळी खरोखर प्रवास करून बघितला. डोंबिवलीहून त्याला बीकेसीला दारापासून दारापर्यंत पावणेदोन तास लागले, तिला ठाण्याला गाडी बदलून ऐरोलीला सव्वा तास. घणसोलीहून तिचं सोपं, त्याचं अवघड. कुर्ल्याहून उलट. शेवटी मुलुंड पूर्वेला वन बीएचके भाड्याने घेतलं. तिला ऐरोलीच्या पुलावरून थेट बस आहे, त्याला स्लो गाडीने कुर्ला. डोंबिवलीत त्याच पैशांत टू बीएचके मिळालं असतं, आणि पाहुणे आले की त्याची आठवण निघते.

मार्चपासून तिने एक वही ठेवली आहे. निघालो कधी, पोचलो कधी, बसायला मिळालं का. परवा मला दाखवली. त्याची सरासरी एक तास दहा मिनिटं, एका गुरुवारी सिग्नल बिघडला तेव्हा दोन तास. तिची सकाळी चाळीस मिनिटं, संध्याकाळी पुलावर कोंडी असते म्हणून तासाच्या जवळ. शेवटच्या रकान्यात तिने एका मंगळवारी लिहिलं होतं, "आज लवकर सुटले. सव्वासहाला घरी. उजेड होता. भाजी घेऊन आले."